मदत हवी आहे: सिक्युरिटी फिक्स फक्त एजीपीएल व्हर्जनमध्ये, आता काय करायचं?

मंडळी, लायसन्समधलं कळणारं कोणी असेल तर जरा सांगा. आमच्या वेब ॲपमध्ये पीडीएफ बनवायला एक छोटी लायब्ररी वापरतोय, घेतली तेव्हा एमआयटी लायसन्स (जवळपास काहीच अटी नसलेलं) होतं. मधे लेखकाने पुढचं व्हर्जन एजीपीएल ३ या जास्त कडक ओपन सोर्स लायसन्सखाली काढलं (त्याचा हक्क आहे, तक्रार नाही). जुन्या व्हर्जनला एमआयटी कायम राहतं हे माहितीये, पण आता त्यात भोक सापडलंय, फाइलच्या नावात ../ (म्हणजे एक फोल्डर वर जा) घातलं की सर्व्हरवरची नको ती फाइल वाचता येते, आणि फिक्स फक्त नव्यात.

साध्या जीपीएल लायसन्समध्ये सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलं तरच त्याचा सोर्स कोड द्यावा लागतो, म्हणून सर्व्हरवर चालवणारे सुटायचे, ती पळवाट बुजवायलाच २००७ मध्ये एजीपीएल ३ आलं. म्हणजे नव्या व्हर्जनमधला पॅच (फिक्सचा कोड) उचलून बदललेलं ॲप नेटवर चालवलं की सोर्स वापरणाऱ्यांना द्यावा लागणार, आणि वरिष्ठ त्याला अजिबात तयार नाहीत.

प्रश्न असा की फिक्स जेमतेम चार ओळींचा आहे, पाथ नीट करून तो ठरलेल्या फोल्डरच्या आतच आहे ना एवढंच तपासायचं. कॉपीराइट कल्पनेवर नसतो, लिहिलेल्या कोडवर असतो, मग ज्याने तो पॅच बघितलाच नाही अशा सहकाऱ्याला फक्त बगचं वर्णन देऊन स्वतंत्र लिहायला लावलं तर चालेल का? की लेखकाकडून वेगळं कमर्शियल लायसन्स घेणंच बरं? कोणी प्रत्यक्षात असं केलंय का? तोवर फाइलचं नाव युजरकडून घेणंच बंद केलंय.