सौर पंपाची ही साइट खरी का खोटी?

शेतकरी_अंबड: दादाला फेसबुकवर जाहिरात दिसली. साइटवर राजमुद्रा, पंतप्रधानांचा फोटो, सगळं आहे. पत्त्यात पीएम, कुसुम, सौर असे शब्द जोडलेत, शेवटी डॉट ओआरजी. फॉर्म भरला की लगेच फोन आला, 'नोंदणीचे 5,600 भरा, आठ दिवसांत पंप' म्हणायलेत. कुलपाचं चिन्ह पण दिसायलंय. बापू म्हणतात भरून टाक, रात्री लाइट येते म्हणून किती दिवस जागायचं. काय करावं?

सेवाकेंद्र_औसा: भाऊ, एक रुपया भरू नका. अशा पावत्या घेऊन म्हातारी माणसं केंद्रावर येतात, बघून पोटात कालवतं.

कुलपाचा अर्थ एवढाच की तुमचं आणि त्या साइटचं बोलणं मधल्या कुणाला वाचता येत नाही. समोरचा चोर का साव, ते कुलूप सांगत नाही. चोरालाही ते फुकटात मिळतं.

बघायचं ते पत्त्याचं शेपूट. एचटीटीपीएस आणि त्याला लागून असलेल्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढं जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या लगेच आधी काय आहे ते वाचा. डॉट गव्ह डॉट इन सरकारी यंत्रणेलाच मिळतं. डॉट ओआरजी, डॉट कॉम, नुसतं डॉट इन कुणीही विकत घेतो. कुसुम ही केंद्राची सौर पंपाची योजना. तिची साइट एमएनआरई (म्हणजे केंद्राचं नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय) डॉट गव्ह डॉट इनवर संपते, आणि कुसुमच्या नावानं चालणाऱ्या खोट्या साइटींपासून सावध राहा, असं त्या मंत्रालयानंच जाहीर केलंय.

पण राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेचा अर्ज महावितरणकडं असतो, आणि त्यांचा पत्ता महाडिस्कॉम डॉट इन आहे, त्यात गव्ह नाही. म्हणून जाहिरातीतली लिंक दाबूच नका. लाइटबिलावरचा पत्ता स्वतः टाइप करा. त्या योजनेत पंपाच्या किमतीत खुल्या गटाला 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातीला 5 टक्के हिस्सा भरावा लागतो. तो पोर्टलवर भरायचा, कुणाच्या मोबाइल नंबरवर नाही.

परभणीकर: त्यांनी व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल (मोबाइलमध्ये अॅप टाकणारी) पाठवली तर उघडू पण नका. पीएम किसानच्या नावानं तसल्या फिरायलेत. ओटीपीचे मेसेज परस्पर वाचतात.

शेतकरी_अंबड: आमच्या गल्लीतल्या काकांनी काल भरलेत हो.

सेवाकेंद्र_औसा: मग इथं लिहीत बसू नका, आत्ता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन लावा. पैसा पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवला तरच हाती लागतो. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (पैसे पाठवल्यावर पावतीवर येतो तो), स्क्रीनशॉट, त्यांचा नंबर जवळ ठेवा, काहीच खोडू नका. बँकेला कळवा, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार टाका. 'पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा' असा फोन आला तर तोही ठगच. आणि काकांना ठाण्यात एकटं पाठवू नका, सोबत जा.