मानसोपचार वॉर्डची पोस्टिंग: "पेशंटशी बोलत बस" म्हणजे नक्की काय करायचं?

कोरी_वही
नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात आठ आठवड्यांची मानसोपचार पोस्टिंग आहे आणि पुढे यातच स्पेशलायझेशन करायचा विचार आहे. बाकीच्या वॉर्डांत काम डोळ्यांना दिसतं: सलाइन, ड्रेसिंग, कॅथेटर. इथे मात्र सीनियर एवढंच सांगतात, "पेशंटशी बोलत बस." काय बोलायचं? प्रोसेस रेकॉर्डिंग (पेशंटशी झालेल्या संवादाची लेखी नोंद) कसं लिहायचं? आणि औषधांपैकी कुठली आधी पक्की करू?

निळी_शाई
सल्ला अर्धाच मिळालाय. बसायचं, बोलायचं आणि मग जे पाहिलं ते दुसऱ्याला नेमकं कळेल असं लिहायचं, हे सगळं मिळून काम आहे. शेवटच्या भागातच बहुतेक जण घसरतात.

प्रोसेस रेकॉर्डिंगसाठी पानाचे चार रकाने करा. पेशंटचं वाक्य जसंच्या तसं, तुमचं वाक्य, त्या वेळचे दोघांचे हावभाव, आणि शेवटी तुम्हाला आतून काय वाटलं व ते वाक्य उपयोगी पडलं की नाही. 15–20 मिनिटांचा संवाद पुरतो. समोर वही उघडू नका, संशयी पेशंट तिथेच गप्प होतो. उठल्यावर अर्ध्या तासात लिहून काढा. संध्याकाळवर ढकललंत की आपण नकळत स्वतःची वाक्यं शहाणी करून लिहितो, आणि शिकायचं असतं ते नेमकं फसलेल्या वाक्यांतून.

फसणारी वाक्यं ठरलेली आहेत. "असं का केलंत?" हा जाब वाटतो, "त्याआधी काय झालं होतं?" विचारलं तर माणूस सांगतो. "काळजी करू नका, सगळं ठीक होईल" म्हटलं की विषयच संपतो. पेशंट गप्प झाला तर लगेच पुढचा प्रश्न फेकू नका. अर्धा मिनिट शांत बसणं हे सुद्धा यावं लागतं, आणि सुरुवातीला ते फार अवघड जातं.

एमएसई (पेशंटच्या मानसिक स्थितीची तपासणी) लिहिताना "पेशंट विचित्र वागतो" हे वाक्य कुणाच्याच कामाचं नाही. "प्रश्नानंतर 10–15 सेकंदांनी उत्तर देतो, मध्येच डावीकडे वळून पुटपुटतो" असं लिहा. मूड आणि अफेक्ट यांचा घोळ जवळजवळ प्रत्येक वहीत असतो. मूड म्हणजे पेशंट स्वतः सांगतो ते, म्हणून त्याच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत. अफेक्ट म्हणजे तुम्हाला चेहऱ्यावर दिसतं ते. "मजेत आहे" म्हणणाऱ्याचा चेहरा सपाट असेल तर दोन्ही वेगवेगळं नोंदवा. ती तफावतच महत्त्वाची असते.

आणखी एक. अमेरिकन नर्सिंग तज्ज्ञ हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी 1952 साली नर्स-पेशंट नात्याचे टप्पे मांडले, ते सगळे पाठ करतात. पण नातं संपवण्याचा टप्पा पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी आठवतो. पहिल्याच भेटीत सांगा, "मी आठ आठवडे इथे आहे." मोबाइल नंबर द्यायचा नाही, आणि "हे कुणाला सांगू नका" यावर होकार द्यायचा नाही. जीवाला धोका असेल तर टीमला सांगावंच लागेल, हेही आधीच स्पष्ट करा.

रात्रपाळी
औषधांची लांब यादी घेऊन बसू नका. हॅलोपेरिडॉल आणि क्लोझापिन (भास-भ्रमांवरची), लिथियम (मूड स्थिर ठेवणारं) आणि लोराझेपाम (शांत करणारं) एवढी चार खोलवर करा, बाकीची त्यांच्या आधारानं समजतात.

हॅलोपेरिडॉल: पहिल्या काही तासांत ते दिवसांत मान वाकडी होणं, डोळे वर चढणं, जबडा आवळणं. हा ॲक्यूट डिस्टोनिया. नव्या माणसाला नाटक वाटतं. डॉक्टरांना लगेच कळवा, प्रोमेथाझिनसारख्या इंजेक्शननं तो उतरतो. दुसरी फसगत ॲकाथिसियाची. पेशंट एका जागी बसू शकत नाही, सतत येरझाऱ्या. आजार वाढला समजून डोस वाढवला की त्रास आणखी वाढतो. "मन अस्वस्थ आहे की पायांना चैन नाही?" हा एक प्रश्न बरंच उलगडतो. अंग ताठ, ताप, घाम आणि शुद्धीत फरक असं एकत्र दिसलं तर न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोमची (या औषधांचा जीवघेणा दुष्परिणाम) शंका घ्या. पुढचा डोस रोखून तातडीनं डॉक्टरांना बोलवा.

लिथियम: पातळीसाठी रक्त शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी. सकाळची गोळी देऊन मग रक्त काढलं तर आकडा खोटा जास्त येतो. ही चूक हॅन्डओव्हरमध्ये होते. साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रति लिटर ठेवतात. 1.5 च्या वर विषबाधा धरून चाला, वयस्कांना त्याखालीही होते. तिची लक्षणं: जुलाब, उलट्या, ठळक थरथर, अडखळती चाल, जड जीभ. जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी कमी झालं, अचानक मीठ तोडलं किंवा आयबुप्रोफेन सुरू केलं की पातळी चढते.

क्लोझापिन: पांढऱ्या पेशींची तपासणी सगळ्यांना आठवते, बद्धकोष्ठता कुणाला आठवत नाही. आतडं बंद पडून पेशंट दगावू शकतो, म्हणून शौचाची नोंद रोज हवी. ताप किंवा घसा दुखणं हलक्यात घेऊ नका, पांढऱ्या पेशी घटल्याची ती खूण असू शकते. डोस 48 तासांहून जास्त चुकला तर जुना डोस तसाच देऊ नका, पुन्हा 12.5 मिलिग्रॅमपासून चढवावं लागतं. सिगारेट अचानक सुटली तरी रक्तातली पातळी वाढते.

लोराझेपाम इंजेक्शननंतर श्वासाचा वेग मोजा, पहिला तास दर 15 मिनिटांनी. झोपलाय म्हणून सोडून देऊ नका.

कोरी_वही
फार उपयोगी. दोन गोष्टींची भीती वाटते. पेशंट म्हणाला "जेवणात विष घालतात", तर काय उत्तर द्यायचं? आणि आत्महत्येबद्दल विचारलं तर डोक्यात नको ते घातल्यासारखं होणार नाही का?

चौथी_खाट
विचारल्यानं विचार येत नाहीत. आडून विचारलं तर उत्तरही आडूनच येतं. "जीव द्यावा असं वाटतं का?", मग "कसा, हे ठरवलंय का?", मग "त्यासाठी काही जमवलंय का?" अशा क्रमानं जा. ऐकू येणाऱ्या आवाजांबद्दलही तसंच. आवाज काय सांगतात, काही करायला लावतात का, आणि ते न ऐकणं जमतं का, हे तिन्ही विचारा.

विषाच्या बाबतीत वाद नको आणि होकारही नको. "तुम्हाला खूप भीती वाटत असणार. मला तसं काही दिसत नाही, पण बंद पाकिटातलं खायला चालेल का?" एवढं बस. स्वतः घास खाऊन दाखवू नका. मग रोज दाखवावा लागतो आणि संशय तसाच राहतो.

नजर ठेवण्याची वेळ 15 मिनिटांची असेल तर ठोक 10.00, 10.15, 10.30 अशा फेऱ्या मारू नका. पेशंटही घड्याळ बघतो. वेळा मागेपुढे करा, फक्त अंतर 15 च्या वर जाऊ देऊ नका. शिफ्ट बदलताना सगळे टेबलापाशी गोळा होतात, तेव्हा एक जण वॉर्डात हवाच. आणि गप्प पडून असलेला पेशंट उपचार सुरू झाल्यावर जरा हालचाल करू लागला की सगळे सुटकेचा श्वास सोडतात. उलट तेव्हा जास्त जपा, कारण मन सावरण्याआधी अंगात बळ येतं.

रात्रपाळी
चिडलेल्या पेशंटबद्दल कुणी लिहिलं नाही. दोन हात अंतर, जरा तिरकं उभं राहणं, तळवे दिसतील असे. दाराची वाट त्यालाही मोकळी आणि तुम्हालाही. बोलायचं एकानंच, बाकीचे मागे. धरावंच लागलं तर पालथं दाबून ठेवू नका, श्वास कोंडतो. एकानं फक्त चेहरा आणि श्वास बघायचा.

निळी_शाई
एक राहिलं. अचानक सुरू झालेला गोंधळ, दिवसभरात कमीजास्त होणारी शुद्ध, "भिंतीवर किडे दिसतात" असं काही आढळलं तर आधी शारीरिक कारण शोधा: साखर, ऑक्सिजन, ताप, लघवी बघा. दारू सुटल्यावर 48 ते 72 तासांत डिलिरियम ट्रेमेन्स (थरथर, भास आणि तीव्र गोंधळ) दिसू शकतो, म्हणून शेवटची दारू कधी घेतली ते भरतीच्या वेळीच विचारून घड्याळाच्या वेळेसकट चार्टवर लिहा.