मदत हवी आहे: सीपीआरच्या पुतळ्यांचा एलसीए, एकक कोणतं धरू?

नर्सिंग कॉलेजच्या स्किल लॅबमधल्या ४ सीपीआर पुतळ्यांचा (छाती दाबून, श्वास देऊन जीव वाचवायचा सराव करतात ते) एलसीए, म्हणजे बनवण्यापासून फेकण्यापर्यंतच्या पर्यावरणीय परिणामांचा हिशोब, आयएसओ १४०४४ या मानकाप्रमाणे करतोय. एक जुना पुतळा उघडून पीव्हीसीची त्वचा, फोम, स्टीलची स्प्रिंग असं सगळं वजन करून झालं. कंपनीला मेल केला, उत्तर नाही. ओपनएलसीए हे मोफत सॉफ्टवेअर वापरतोय, इकोइन्व्हेंट हा विकतचा डेटाबेस घ्यायचं बजेट नाही. वीज सोडून दिलीय, पुतळे साधेच आहेत. फेकायच्या फुफ्फुस-पिशव्या आणि अल्कोहोल वाइप्स मात्र धरलेत (ढीग बघून मीच दचकलो).

अडलंय फंक्शनल युनिटवर, म्हणजे परिणाम कोणत्या एककामागे मोजायचे त्यावर. ‘एक पुतळा’ धरला तर जड पण टिकाऊ पुतळा उगाच बदनाम होतो. मग ‘एक प्रशिक्षित विद्यार्थी’ धरू की ‘छातीवरचे १००० दाब’? आणि पुतळ्याचं आयुष्य वर्षांत मोजायचं की दाबांत?