पहिला ब्लॉग, पहिले वाचक : आपले अनुभव लिहा

२००६ ते २०१२ या सुमारास ज्यांनी प्रथम मराठी ब्लॉग वाचले किंवा स्वतः लिहायला घेतले, त्यांनी आपले सुरुवातीचे अनुभव येथे नोंदवावेत, ही विनंती. ‘ते दिवस छान होते’ एवढ्यावर न थांबता काय वाचले, कशावर टंकले आणि कोणी दखल घेतली, हे तपशिलाने सांगावे. प्रारंभ मीच करते.

ब्लॉग लिहिण्यासाठीची ‘ब्लॉगर’ ही सेवा १९९९ पासून होती आणि २००३ मध्ये ती गूगलने घेतली. परंतु मराठी माणसाला ती खऱ्या अर्थाने खुली झाली ती युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या समान संकेतप्रणालीमुळे. त्याआधी प्रत्येक संकेतस्थळाचा फॉन्ट वेगळा असे आणि तो उतरवून घेतला नाही, तर पडद्यावर निरर्थक अक्षरांची रांग उमटे. युनिकोड आल्यावरही जुन्या संगणकावर भारतीय लिप्यांची सोय मुद्दाम सुरू करावी लागे. सायबर कॅफेत ती नसली, की ‘स्थिती’ या शब्दातला स पाय मोडून सुटा उभा राही आणि वेलांटी भलत्याच अक्षरापाशी जाऊन बसे. तशा मोडक्या अक्षरांतही मी एका अनोळखी मुलीची वसतिगृहातली रोजनिशी शेवटपर्यंत वाचली, कारण माझ्या वयाचे कोणी माझ्याच बोलीत लिहीत असल्याचे मी प्रथमच पाहत होते. पुढे बरहा आणि गमभन या मराठी टंकण्याच्या साधनांची माहिती मला इतरांच्या ब्लॉगवरच मिळाली.

नाशिकहून

मी ब्लॉगांकडे वळलो तो किल्ल्यांच्या ओढीने. हरिश्चंद्रगडावरचे छापील लेख बहुधा कोकणकड्याच्या वर्णनापाशी संपत. ब्लॉगवर मात्र खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे चढताना पाणी किती बरोबर घ्यावे, पाचनईची वाट कोणाला सोयीची आणि नळीच्या वाटेला माहितगाराशिवाय का जाऊ नये, हे ज्याने स्वतः पायपीट केली त्याच्या शब्दांत मिळे. लेखाखाली कोणी विचारी, ‘एप्रिलात टाक्यातले पाणी पिण्याजोगे असते का?’ आणि नुकताच जाऊन आलेला तिसराच कोणी उत्तर देई. लेख प्रसिद्ध झाल्यावरही वाचकांच्या हातून वाढत राहतो, ही गोष्ट मला विलक्षण वाटली. माझा स्वतःचा ब्लॉग मी त्याच धर्तीवर सुरू केला आणि आजही वाटेच्या खुणा लिहिल्याशिवाय कोणत्याही गडाचे वर्णन पुरे करत नाही.

सांगलीहून, निवृत्त शिक्षिका

आत्मकथन करायचे तर माणूस मोठा असावा लागतो, अशी आमच्या पिढीची धारणा. ती मोडली एका बँक कर्मचाऱ्याच्या ब्लॉगने. दुर्गम तालुक्यात बदली झालेला तो तरुण संध्याकाळच्या शेवटच्या एसटीबद्दल, खात्यावर अंगठा उमटवायला आलेल्या म्हाताऱ्या बायकांबद्दल लिहीत असे आणि त्यात आव कुठेही नसे. मी ‘सप्रेम नमस्कार’ असा मायना घालून प्रतिसाद लिहिला आणि शुद्धलेखनाच्या दोन-चार गोष्टीही कळवल्या. त्याच रात्री त्याने त्या दुरुस्त केल्या आणि ‘बाई, पुढच्या लेखावरही नजर टाका’ असे लिहिले. निवृत्तीनंतर मला पुन्हा विद्यार्थी मिळाला. हा आनंद मी शब्दांत पुरता सांगू शकत नाही.

ठाण्याहून

माझ्या आईच्या आजारपणावर मी लिहिलेला लेख काही महिन्यांनी ढकलपत्रातून, म्हणजे एकाने दुसऱ्याला पुढे धाडलेल्या ई-मेलमधून, माझ्याकडेच आला. नाव गाळलेले आणि शेवटी कोणीतरी जोडलेला एक सुविचार. जालावर ठेवलेले लिखाण कोणाचेच नसते, ही समजूत अन्यायाची आहे, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते. तरीही मी लिहिणे थांबवले नाही, कारण मूळ लेखाखाली आपापल्या आईची शुश्रूषा करणाऱ्या तीन अनोळखी बायका एकमेकींशी बोलू लागल्या होत्या आणि ते संभाषण मला मोडायचे नव्हते.

सिंगापूरहून

परदेशात माझे मराठी वाचन बहुतांशी गूगल रीडरवर चाले. पंचवीस-तीस ब्लॉगांचे नवे लेख सकाळी एका ठिकाणी येत आणि आगगाडीत ते वाचून होत. १ जुलै २०१३ रोजी ती सेवा बंद झाली आणि मी अनेक लेखकांना मुकलो, कारण त्यांचे पत्ते मी कधी वेगळे लिहून ठेवले नव्हते. काहीजण फेसबुकवर सापडले. पण तिथे दोन वर्षांपूर्वीचा मजकूर शोधताना जीव मेटाकुटीला येतो आणि ब्लॉगच्या कडेला असलेली वर्ष-महिन्यांची यादी किती मोलाची होती, हे कळते. ज्यांचे ब्लॉग अजून शाबूत आहेत, त्यांनी ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये जाऊन संपूर्ण मजकुराची प्रत उतरवून घ्यावी आणि दुसऱ्या ठिकाणी साठवलेली छायाचित्रे वेगळी जपावीत. त्या प्रतीत ती येत नाहीत.