मुलगा २ वर्षं ८ महिन्यांचा, जो तो वेगळं सांगतोय, बोलण्याचं नक्की निदान कसं करून घ्यायचं?

कराडची_आई

नमस्कार, जरा मोठी पोस्ट आहे, प्लीज पूर्ण वाचा. माझा मुलगा २ वर्षं ८ महिन्यांचा आहे. समजतं त्याला सगळं. आजोबांचा चष्मा आण म्हटलं की आणतो, चप्पल कुणाची ते ओळखून ज्याची त्याला नेऊन देतो, काही नवीन दिसलं की माझा हात ओढून बोट दाखवतो, नजरेला नजर देऊन हसतो. पण बोलायचं म्हटलं तर १५-२० शब्द आणि तेही धड नाहीत. मला सगळ्यात कोड्यात टाकणारी गोष्ट म्हणजे एकच शब्द दर वेळी वेगळा येतो. पाणी कधी 'बाई', कधी 'माई', कधी नुसतं 'आई'. दिवाळीत एकदा 'गाडी' अगदी स्वच्छ म्हणाला, आम्ही सगळे नाचलो, आणि त्यानंतर आजतागायत तो शब्द परत आलेला नाही. कधी कधी बोलायला तोंड उघडतो, ओठ इकडे तिकडे होतात, आवाजच निघत नाही, मग चिडून जमिनीवर हात आपटतो. बघवत नाही हो.

आमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ म्हणाले मुलगे उशिराच बोलतात, ३ वर्षांपर्यंत वाट बघा. दुसऱ्यांनी पाच मिनिटांत 'व्हर्च्युअल ऑटिझम' म्हणून मोबाईल बंद करायला सांगितला, आमच्याकडे त्याच्या हातात मोबाईल देतच नाही कुणी. एका स्पीच थेरपिस्टने 'एक्सप्रेसिव्ह लँग्वेज डिले' (बोलणं वयाच्या मागे) लिहून दिलं, आणि नणंदेच्या ओळखीतल्या एक ताई फोनवर म्हणाल्या अप्रॅक्सिया वाटतोय, म्हणजे बोलायच्या हालचाली नीट जुळवता येत नाहीत. सासूबाई वेखंड उगाळून जिभेला लावतात, शेजारचे म्हणतात जिभेखालचा पडदा कापून घ्या. आता मी कुणाचं ऐकू? नक्की काय आहे ते कळल्याशिवाय जे चाललंय ते बरोबर आहे का ते तरी कसं कळणार. कुणाकडे जायचं, कुठल्या टेस्ट, त्यासाठी पुण्याला जावं लागेल की मुंबईला? अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा.

मुक्ता_मिरज

ताई, तुमच्या एवढ्या पोस्टमध्ये कानाचा उल्लेखच नाही. कान तपासलेत का? बाकी सगळं नंतर, आधी ते करा.

आमच्या लेकीचं सांगते. टाळी वाजवली की वळायची, कुकरच्या शिट्टीला दचकायची, त्यामुळे ऐकू येत नसेल असं कुणाच्या मनातच आलं नाही. जन्मल्यावर दवाखान्यात ऐकू येतं का बघायची ओएई टेस्ट पासही झाली होती. तरी स, श, फ, त असले बारीक आवाज तिच्या बोलण्यात नव्हतेच. शेवटी एका ईएनटी डॉक्टरांनी टिंपॅनोमेट्री, म्हणजे कानाचा पडदा नीट हलतो का ते बघायची टेस्ट, केली तर दोन्ही पडद्यांच्या मागे चिकट पाणी साठलेलं निघालं. त्यांनी घाई केली नाही, हे पाणी पुष्कळ मुलांचं आपोआप ओसरतं म्हणून ३ महिने थांबून परत बघितलं, ओसरलं नाही तेव्हा बारीक नळ्या बसवल्या. तुमचा मुलगा तोंड उघडं ठेवून झोपतो का, घोरतो का, सर्दी सारखी असते का, हे नक्की सांगा डॉक्टरांना.

आणि बेरा टेस्ट, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघायची, ती झोपेत करतात, कपाळावर आणि कानामागे वायरी चिकटवतात, दुखत वगैरे काही नाही. त्या दिवशी त्याला पहाटे लवकर उठवा आणि जाताना गाडीत अजिबात झोपू देऊ नका, मागे बसून खेळवत राहा, नाहीतर तिथे पोचल्यावर टक्क जागा राहतो आणि झोपेचं औषध देऊनही टेस्ट होत नाही. खायला-प्यायला कधी थांबवायचं ते आधी फोनवर विचारून घ्या.

वाचा_उपचार_पुणे

मी स्पीच थेरपिस्ट आहे, रोज २ ते ५ वर्षांची मुलंच बघते. न बघता निदान मी देणार नाही आणि फोनवर कुणी दिलं तर तेही धरून बसू नका. पण तुम्ही जे लिहिलंय ते इतकं बारकाईने लिहिलंय की त्यावरून पुढे काय तपासायला हवं हे मी नक्की सांगू शकते.

आधी 'वाट बघा' बद्दल. २ वर्षांच्या मुलाकडे साधारण ५० शब्द आणि 'आई ये', 'दूध दे' अशी दोन शब्दांची जोडी आपण धरतो. उशिरा बोलणारी बरीच मुलं नंतर गाठतात हे खरंय, पण कोण गाठणार आणि कोण नाही हे घरी बसून कळत नाही, म्हणून तपासणीसाठी तिसऱ्या वाढदिवसाची वाट बघण्यात काही अर्थ नाही. मुलगा आहे म्हणून तर अजिबात नाही.

मुक्ताताई म्हणतात तसं कान पहिले. मग डेव्हलपमेंटल पेडियाट्रिशियन, म्हणजे मुलांच्या वाढ-विकासाचे खास डॉक्टर, त्यांच्याकडे एकदा. ऑटिझम आहे की नाही हे पाच मिनिटांत ठरत नाही. एमचॅट नावाची प्रश्नावली असते पण ती १६ ते ३० महिन्यांसाठी, तुमचा मुलगा त्यापुढे गेलाय, आणि ती चाळणीच आहे, निदान नाही. 'व्हर्च्युअल ऑटिझम' हे तर निदानाच्या कुठल्याही मान्य यादीत नाही. बोट दाखवणं, हात ओढून दाखवणं, नजर देणं हे तुम्ही लिहिलंय ते त्यांना जसंच्या तसं सांगा, फार महत्त्वाचं आहे.

आता बोलण्याची तपासणी. नीट करायची तर तास-दीड तास लागतो, कधी दोन वेळा बोलवावं लागतं. मी जमिनीवर बसून मुलासोबत खेळते, त्याला किती समजतं आणि तो किती बोलतो हे वेगवेगळं मोजते (आपल्याकडे रील्स किंवा थ्रीडी-लॅट हे स्केल वापरतात), तोंड, जीभ, टाळू बघते, फुंकर मारता येते का, चावायला कसं जमतं, लाळ गळते का, सगळं. मग एकच शब्द खेळता खेळता परत परत म्हणून घेते, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथेच मिळतं. एखादं मूल कावळ्याला 'तावळा' म्हणतं, काकाला 'ताता' म्हणतं, दर वेळी तेच, क च्या जागी त, ठरलेलं. ते वेगळं, आणि ३-साडेतीनपर्यंत चालतंही. पण पाणी दर वेळी वेगळं येणं, स्वरसुद्धा बदलणं, एका आवाजावरून दुसऱ्यावर जाताना अडखळणं, ओठ चाचपडणं, आघात भलत्याच ठिकाणी येणं, हे एकत्र दिसलं की आम्हाला अप्रॅक्सियाचा विचार करावा लागतो. त्यात स्नायू कमजोर नसतात, मेंदूकडून तोंडाला हालचालीचा जो क्रम जायला हवा तो नीट बसत नाही. रक्ताची टेस्ट किंवा एमआरआय करून हे कळत नाही, ऐकून आणि बघूनच कळतं.

आणि ताई, हे मनाची तयारी ठेवून ऐका, ३ वर्षांच्या आत, इतके थोडे शब्द असताना, कुणी चांगला थेरपिस्टसुद्धा बहुतेक 'संशयित अप्रॅक्सिया' एवढंच लिहील आणि काही महिन्यांनी परत तपासेल. ही टाळाटाळ नाही, प्रामाणिकपणा आहे. नुसतं 'एक्सप्रेसिव्ह लँग्वेज डिले' हेही चूक नाही, पण ते बोलणं मागे आहे एवढंच सांगतं, का मागे आहे ते सांगत नाही. तुम्ही पुढचं विचारायचं: आवाजांच्या चुका ठरावीक आहेत की बदलत्या? स्वर चुकतात का? रिपोर्टमध्ये हे लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे. थेरपी मात्र नाव पक्कं व्हायची वाट न बघता सुरू करा, कारण संशय असेल तर पद्धत आत्ताच बदलता येते.

वेखंड आजपासून बंद. त्यात बीटा-ॲसरोन नावाचं विषारी द्रव्य असतं, लहान मुलाला नको. जिभेखालच्या पडद्याने एखादा र किंवा ल अडेल, शब्दच येणार नाहीत असं होत नाही, तेव्हा त्यासाठी कापाकापी नको.

नगरचा_बाबा

आमच्या मुलीला आधी संशयित आणि मग साडेतीन वर्षांची झाल्यावर पक्कं अप्रॅक्सिया असं निदान मिळालं, त्यामुळे तुमची घालमेल समजतेय.

कुठे जायचं ते सांगतो. एक, जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र. २०१३ पासून जो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, अंगणवाडीत डॉक्टरांची गाडी येते ना तोच, त्याखाली हे केंद्र चालतं आणि तपासणी फुकट असते. फक्त जायच्या आधी फोन करून स्पीच थेरपिस्टचं पद भरलेलं आहे ना ते विचारा. दोन, मुंबईला वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था, केंद्र सरकारची, १९८३ ची. कान आणि वाचा दोन्ही एकाच छताखाली होतं. पुण्यात भारती विद्यापीठाचंही या विषयाचं कॉलेज आहे. खाजगी कुणाकडे गेलात तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी नंबर विचारायला लाजू नका, फी देताय तुम्ही.

मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. एकच शब्द वेगवेगळ्या दिवशी, चिडतो तो प्रसंग, आजोबांशी खेळताना, सगळं. आमची पोरगी नवीन माणसासमोर गप्पच बसायची, त्या व्हिडिओंवर बरंच काम झालं.

अजून एक, आम्हाला एका ठिकाणी सांगितलं होतं घरात फक्त इंग्लिश बोला म्हणजे गोंधळ होणार नाही. आम्ही ते केलं नाही. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही, आजी-आजोबा मराठीत गोष्ट सांगतात ती तशीच चालू द्या. घरी थेरपिस्टने दिलेला सराव आम्ही थोडा थोडा पण दिवसातून पुष्कळदा करायचो, आरशासमोर, 'दे', 'नको', 'अजून' असे रोजच्या कामाचे शब्द आधी. आणि तोपर्यंत खुणा, चित्रांची कार्डं बिनधास्त वापरा, त्याने मूल बोलायचं सोडत नाही, उलट चिडचिड खूप कमी होते. आमची आता ५ ची आहे, बालवाडीत कविता म्हणते, र अजून तेवढा येत नाही.

कराडची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर आम्हाला अजून कुणीच सांगितलं नव्हतं. तो तोंड उघडं ठेवूनच झोपतो आणि घोरतोही. मिरजेत बेराची वेळ घेतलीये, वेखंडाचं सासूबाईंना ही पोस्ट वाचून दाखवली, त्या लगेच ऐकल्या. आज पाण्याचे व्हिडिओही काढले. फक्त एक, त्याला कालपासून सर्दी आहे, बेराला न्यायचं का?

वाचा_उपचार_पुणे

आत्ताच फोन करून सांगा त्यांना. सर्दी-खोकला असताना सहसा झोपेचं औषध देत नाहीत, तारीख पुढची देतील. पण ईएनटींना कान मात्र याच सर्दीत दाखवून घ्या, आणि सर्दी गेल्यावर टिंपॅनोमेट्री परत. दोन्ही रिपोर्ट एकाच फाईलला लावा आणि मग थेरपिस्टकडे जा. व्हिडिओ चांगले काढलेत, त्यांना नक्की दाखवा.