पथक सुटलं की आपण कोण उरतो? बालीचे गमेलानवाले बघून पडलेला प्रश्न

गोदाकाठचा_ढोली
नमस्कार मंडळी, सहा वर्षं इथल्याच एका पथकात ढोल वाजवला, मग शिफ्ट ड्युटी लागली आणि सराव सुटला. यंदा विसर्जनाला पोरीला खांद्यावर घेऊन रविवार कारंजावर उभा होतो, आमचंच पथक समोरून आलं, हात आपोआप कमरेवर गेला जिथे ढोल बांधायचो, आणि एक नवीन पोरगा म्हणाला काका दोरीच्या बाहेर व्हा. त्याचं काहीच चुकलं नाही हो, पण रात्री झोप लागली नाही. आता रोज बालीच्या गमेलानचे, म्हणजे तिकडच्या घंटा-झांजा-ढोलांच्या वाद्यमेळाचे व्हिडिओ बघतो, आजोबा आणि शाळकरी पोरं शेजारी शेजारी बसून वाजवतात. तिकडे पण माणूस असा सुटतो का?

सातपूरची_ताई
दादा वाचून गलबलून आलं. मी बालीत उबुदला तीन महिने होते तेवढ्यावरून सांगते. तिकडे वाजवणाऱ्यांच्या मंडळाला सेका म्हणतात आणि बऱ्याचदा ते बांजारशी, म्हणजे वस्तीशी जोडलेलं असतं. देवळाचा उत्सव, अंत्यविधी सगळं त्याच लोकांनी मिळून करायचं, त्यामुळे वाजवणं थांबलं तरी माणूस वस्तीचाच राहतो. आणि वाजवण्याची पद्धतच बघा ना, कोतेकान म्हणून प्रकार आहे, एकच चाल दोघांत वाटलेली, एक पोलोस वाजवतो, दुसरा सांगसिह त्याच्या मधल्या जागा भरतो, एकट्याने वाजवलं तर नुसते तुकडे ऐकू येतात. वाद्यांच्या जोडीत पण एक मुद्दाम जरासं चढं लावतात, दोन्ही एकत्र वाजली की आवाज थरथरतो. एका सेटचं वाद्य उचलून दुसऱ्या सेटमध्ये ठेवलं तर सूर जुळत नाही. आणि वाद्य ओलांडून तर कोणी जातच नाही.

पंचवटी_७७
ताई बरोबर, पण सगळं गोडच आहे असं नको वाटायला. बालीशेजारच्या जावा बेटावरच्या पोनोरोगोचा रेओग हा नाच घ्या, वाघाचं तोंड आणि वर मोरपिसांचा भलामोठा पिसारा, ४०-५० किलोचं धूड माणूस दातात धरून नाचवतो. १९५०-६० च्या काळात ही मंडळं राजकीय पक्षांना बांधली गेली आणि १९६५ नंतर डाव्यांच्या बाजूचे म्हणून कित्येक कलाकारांना भोगावं लागलं. नाचणारा तोच, नाच तोच, पण तू कुणाचा हे आधी विचारलं गेलं. पुढे २००७ मध्ये मलेशियाच्या जाहिरातीत तसाच नाच दिसला तर रेओगचे कलाकार जकार्तात मलेशियाच्या वकिलातीसमोर जमले. २०२४ ला युनेस्कोने तातडीने जपायच्या यादीत रेओग घेतलं. ओळख घट्ट असली की तिची किंमत पण मोजावी लागते एवढंच म्हणणं आहे.

सुरगाण्याची_लेक
आमच्याकडच्या बोहाड्यात, म्हणजे देवादिकांचे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवात, आजोबा सोंग नाचवायचे. गुडघे गेल्यावर सोंग काकांकडे आलं, पण मुखवटा बांधताना कापड किती घट्ट ओढायचं ते आजोबाच सांगायचे, संबळ सुरू झाला की अंगणात बसल्या बसल्या त्यांचा पाय हलायचा. गावात त्यांना शेवटपर्यंत सोंगाच्याच नावाने हाक मारायचे. दादा तुमच्या पथकात ढोलाचं पान ताणायला, नवीन पोरांचा हात बसवायला कोणी लागतच असेल की, विचारून तर बघा.

गोदाकाठचा_ढोली
ताई, दोरी ओढून पान ताणणं हे माझंच काम होतं तिथे. रविवारी सुट्टी आहे. पोरीला पण नेतो.