पाकिटात दगडफुलाची चहापत्ती
लडाखच्या कोरड्या हवेत खडकावरच्या दगडफुलाचे (लायकेनचे) नमुने वाळवायची कटकटच नाही, खरवडा आणि पाकिटात टाका, असा सल्ला वाचला. अर्धंच पटलं. पानासारखं पसरणारं दगडफूल दुपारच्या उन्हात इतकं ठिसूळ असतं की सुरी लावताच भुगा. पहिल्या खेपेला मी तेच घेऊन परतलो: पाकिटावर नोंद झकास, आत चहापत्ती! आता पाण्याचा फवारा जवळ ठेवतो. थोड्याच वेळात ते चामड्यासारखं लवचीक होतं आणि अलगद सुटतं. मग मात्र कागदात वाळवावंच लागतं. ओलं तसंच प्लास्टिकच्या पिशवीत राहिलं तर बुरशी धरते. दगडाला पापडीसारखं चिकटलेलं असेल तर छिन्नी तिरपी धरून दगडासकट कपचीच काढायची.

नोंदीत उंची, जीपीएस सगळे लिहितात, पण दगडाचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते राहून जातं. उत्तरेकडच्या बाजूला ऊन कमी, ओल जास्त टिकते, त्यामुळे तिथली वस्ती वेगळी असते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब खडकावर फसफसला का, तेही लिहा. चुनखडकाचा अंदाज येतो. आणि भडक नारिंगी झँथोरिया (दगडफुलाचाच एक प्रकार) दिसला तर वर पक्ष्यांची बसायची जागा आहे का बघा. विष्ठेतल्या नायट्रोजनवर तो चांगलाच माजतो.